बसलेल्या स्प्रिंगा

त्या उन्हाळ्यात थोरल्याची मोटरसायकल आणि थोरला दोघंही एकदमच कुरकुरायला लागले. गाडी गियर टाकताना कुरकुरायची आणि थोरला उरलेला सगळा वेळ.

गाडी जुनी होती. टाकीवरचं कंपनीचं नाव केव्हाच पुसलं होतं आणि तिथे थोरल्याच्या गुडघ्यांनी घासून दोन चकचकीत डाग पाडले होते. मागे दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या, कड्यांत दुधाचे दोन कॅन. सकाळी घरच्या गाईंचं दूध घेऊन निघायचं, वस्त्यावस्त्यांवरून दारोदारचं दूध गोळा करायचं आणि ऊन तापायच्या आत डेअरीत पोचवायचं, ही त्याची फेरी. धारा काढणं, गोठा, चारा, वैरण हे सगळं धाकट्या भावाकडे. आईबाप गेले तेव्हा धाकटा अजून शाळेत होता. थोरल्यानंच त्याला वाढवला, त्याचं लग्न लावून दिलं. घरात दोघी जावा होत्या, थोरली आणि धाकटी. गावात कुणी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारत नसे.

फेरीवर थोरल्याची एक खास पद्धत होती. कुणाच्या दारात गेला तरी तो गाडी बंद करायचा नाही आणि न्यूट्रलही शोधायचा नाही. किक मारली की कॅन हिंदकळतात, आणि ही म्हातारी न्यूट्रल म्हटलं की लपंडाव खेळते, असं त्याचं म्हणणं. पहिला गियर तसाच ठेवायचा, डाव्या हाताच्या दोन बोटांनी क्लच दाबून धरायचा आणि उजव्या हातानं झाकण उघडायचं. बाई दूध ओतत असताना गप्पा मारायच्या, दूध पडलं की बोटं सैल सोडायची, गाडी आपोआप पुढे. "क्लच म्हणजे गाईचं आचळ," तो नव्यानं गाडी शिकणाऱ्यांना सांगायचा, "आवळायचं नाही, धरायचं. दोन बोटं पुरतात." त्या दोन बोटांचा त्याला भारी गर्व. सगळी वर्षं, दारोदार, त्यानं क्लच असाच धरून ठेवला. आणि गाडी कुणाच्या हातात दिली नाही, धाकट्याच्यासुद्धा नाही.

आता दुसरा गियर पडेना. पाय दाबला की आतून कडकड आवाज यायचा, जणू कुणी दगड चावतंय. कधी गियर अडकायचा, कधी पडला तर गाडी हिसका मारून पुढे जायची. क्लचही जड. दुपारपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत कळा यायच्या.

"केबल कोरडी पडली असेल," थोरला म्हणाला. धाकट्यानं केबल सोडवून खिळ्याला उभी टांगली, कागदाचं नरसाळं केलं आणि वरून थेंबथेंब ऑइल सोडत बसला, ते खालच्या टोकातून गळेपर्यंत. काही फरक पडला नाही. मग नवी केबल घातली. मग गावातल्या मेस्त्रीनं क्लचची ढील कमीजास्त करून बघितली. इंजिनातलं ऑइल काळं झालंय म्हणून तेही बदललं. मेस्त्री प्रत्येक वेळी गाडी घेऊन चौकापर्यंत जायचा, परत यायचा, सगळे गियर टकटक टाकून दाखवायचा आणि म्हणायचा, "दादा, पडतायत की."

"रिकामी गाडी कुणीही चालवेल. कॅन लावून चालवून दाखव."

मेस्त्री हात पुसत पुसत थोरल्याकडे जरा जास्तच वेळ बघायचा. थोरल्याला वाटायचं, याला जमत नाही म्हणून हा ओशाळलाय.

अशा दिवसांत राग कुणावर तरी निघतोच, आणि तो बहुतेक वेळा धाकटीवर निघायचा. कॅनच्या झाकणांना दोन कान होते. झाकण दाबून बसवलं की दोन्ही कान धरून ओढल्याशिवाय उघडत नसे. धाकटी मात्र झाकणं नुसती वर ठेवायची.

"झाकण नीट दाबायला काय हात झिजतात का?" निघताना थोरला अंगणातून ओरडायचा. "अर्धं दूध माझ्या पँटवर सांडतं. लोक हसतात."

"बरं भाऊजी," धाकटी पदर सावरून म्हणायची. दुसऱ्या दिवशी झाकण तसंच सैल.

आणि एका सकाळी क्लच अचानक हलका झाला. लोणी कापावं तसा. दोन बोटं ठेवली की आत जायचा. गियर टपाटप पडले, न्यूट्रलही पहिल्या झटक्यात सापडलं. थोरला फेरीवरून गाणं गुणगुणत आला.

"केबल मुरली शेवटी," तो धाकट्याला म्हणाला. "नवी केबल मुरायला वेळ लागतो. तुम्हाला आजकाल धीर नाही."

धाकटा गाईला पाणी पाजत होता. त्यानं बादलीवरून मान वर केली नाही. "बरं झालं, दादा," एवढंच म्हणाला.

ते सुख फार टिकलं नाही. उन्हाळा चढत गेला आणि टेकावर जाणाऱ्या चढावर गाडीनं नवीनच खेळ सुरू केला. कॅन भरले की चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. क्लच घसरायचा. जळका वास यायचा. थोरला उतरून ढकलायचा, घाम डोळ्यांत उतरायचा, वरून ऊन. एके दिवशी डेअरीत पोचायला इतका उशीर झाला की माप घेणाऱ्यानं पळीभर दूध नाकाशी नेलं आणि पळी तशीच परत कॅनमध्ये सोडली.

"दादा, हे नाही चालायचं."

"अरे, जरासं..."

"वास घ्या तुम्हीच."

थोरल्यानं वास घेतला नाही. रांगेतले सगळे बघत असताना त्यानं दोन्ही कॅन डेअरीच्या मागच्या गटारात ओतले. कुत्री आली. कुणीतरी मागून म्हणालं, "आज कुत्र्यांची दिवाळीच म्हणा की." हसू ऐकत तो कॅन धूत राहिला, धुऊन झाले तरी धूत राहिला.

गावातल्या मेस्त्रीवरचा त्याचा विश्वास उडालाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी घेऊन हमरस्त्यावरच्या मोठ्या गॅरेजात गेला. तिथल्या माणसानं ऑइल काढलं, उजव्या बाजूचं कव्हर उघडलं आणि लगेच शीळ घातली.

"हे अलीकडेच कुणीतरी उघडलंय. हे बघा, पॅकिंग कोरं आहे."

"आम्ही नाही उघडलं."

"उघडलंय, दादा. आणि या क्लचच्या स्प्रिंगा बघा." त्यानं चार स्प्रिंगा काढून थोरल्याच्या तळहातावर ठेवल्या. शेजारी डब्यातली एक नवी उभी केली. थोरल्याच्या हातातल्या चारही तिच्यापेक्षा बुटक्या होत्या. "या बसलेल्या आहेत. कुठल्या तरी भंगार गाडीच्या. दाबच राहिला नाही यांच्यात, मग प्लेटा धरणार कशा? तुमच्या चांगल्या स्प्रिंगा काढून घेतल्या कुणीतरी आणि या घातल्या. घरातलंच कुणी असणार. बाहेरचा माणूस आख्खी गाडी नेईल, स्प्रिंगा कशाला नेईल?"

त्यानं नव्या कडक स्प्रिंगा घातल्या. थोरला बाकड्यावर बसून बुटक्या स्प्रिंगांकडे बघत होता आणि त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. मेस्त्रीच्या गॅरेजामागे याच कंपनीची एक भंगार गाडी पडलेली होती. धाकटा हल्ली दुपारी तिथेच जाऊन बसायचा. लोकांनी थोरल्याला सांगितलंही होतं, तुमचा धाकटा त्या सांगाड्याशी काय खुडबुडत असतो. म्हणजे हा ती गाडी उभी करतोय. स्वतःची फेरी सुरू करणार. आणि त्यासाठी माझ्या गाडीचं पोट फाडतोय.

तो तडक डेअरीवर गेला. संध्याकाळचं माप चालू होतं. धाकटा सायकलवरून घरचं दूध घेऊन आला होता आणि रांगेत उभा होता. थोरल्यानं चारही स्प्रिंगा मापाच्या पत्र्यावर आपटल्या. एक घरंगळत जाऊन धाकट्याच्या पायाशी थांबली.

"ओळखतोस?"

धाकट्यानं वाकून स्प्रिंग उचलली. तिच्याकडे बघितलं, मग थोरल्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला. थोरल्याला वाटलं, चोरी सापडली.

"दादा, घरी बोलू."

"घरी कशाला? इथंच सांग सगळ्यांना. माझ्या गाडीच्या स्प्रिंगा काढल्यास का नाही?"

"काढल्या."

"का?"

धाकट्यानं रांगेकडे पाहिलं. ओळखीचे सगळे चेहरे, कुणाच्या हातात किटली, कुणाच्या हातात बादली.

"बोल ना! तुझी वेगळी फेरी सुरू करायचीय, असं सांग. सरळ मागितलं असतंस तर दिलं असतं मी. चोर कुठला! काल तुझ्यापायी गटारात दूध ओतलं मी, याच लोकांसमोर."

धाकट्यानं मान खाली घातली आणि रांगेतून बाहेर पडला.

थोरला एवढ्यावर थांबला असता तर कदाचित सावरलं असतं. पण राग एकदा पायात शिरला की माणूस चालतच राहतो. घरी येऊन त्यानं अंगणातून फर्मान काढलं, "माझ्या अस्सल स्प्रिंगा घरातच कुठे तरी दडवल्या असतील. पेटी उघडा."

पेटी धाकटीची होती, लग्नात माहेराहून आणलेली, पत्र्याची. थोरली म्हणाली, "अहो, काहीतरी काय बोलताय." धाकटा पुढे झाला. पण त्याच्या आधी धाकटीच खोलीत गेली. तिनं पेटी ओढत अंगणात आणली, झाकण उघडलं आणि एकेक वस्तू काढून फरशीवर मांडायला लागली. साड्या, झंपर, आतले कपडे, आईनं दिलेला आरसा, बाळासाठी आधीच शिवून ठेवलेलं नि कधी लागलंच नाही असं एक टोपडं. शेजारच्या बायका कुंपणाशी उभ्या होत्या. ती एकदाही रडली नाही. पेटीचा रिकामा तळ तिनं थोरल्याकडे वळवून दाखवला.

थोरला म्हणाला, "ठीक आहे," आणि हात धुवायला निघून गेला. चुकलो, असं काही तो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं सांगितलं, "हिच्या भावाच्या वीटभट्टीवर काम आहे. या आठवड्याच्या शेवटी आम्ही निघतो."

"जा," थोरला म्हणाला.

गाडी आता चढ झोकात चढायची, इंजिन ओरडायचं नाही. पण क्लच पुन्हा दगड झाला होता. गियर पुन्हा कडकडायला लागले. शिवाय आता झाकणंही घट्ट. पेटीच्या दिवसापासून धाकटी प्रत्येक झाकण वरून तळहात मारून बसवत होती. एका हातानं ते उघडेना. थोरल्याला दारोदारच्या बायकांपाशी म्हणावं लागायचं, जरा झाकण काढता का. बायका काढायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या.

निघण्याच्या आदल्या सकाळी तो टेकावरच्या आत्याकडे पोचला. आत्या नात्यानं कुणाची कुणीच नव्हती, वयानं सगळ्यांची आत्या. एकटी राहायची, एक गाय पाळायची आणि जीभ मात्र दहा जणींची. ती दोन्ही हातांनी भांडं धरून, वाकून, दूध कॅनमध्ये ओतायला लागली. गाडी पहिल्या गियरमध्ये थरथरत होती, क्लचवर थोरल्याची दोन बोटं. बोटं घट्ट दाबलेली आहेत असंच त्याला वाटत होतं. त्यानं खाली पाहिलं तर ती उघडी होती. ती केव्हा उघडली ते त्याला कळलंच नव्हतं.

गाडीनं उडी घेतली. आत्या भांड्यासकट मागे बसली, गाडी आडवी झाली, उघडा कॅन अंगणभर पालथा झाला. थोरला एका गुडघ्यावर पडला होता. मागचं चाक हवेत गरगर फिरत होतं आणि त्याला ते बंद करायचंही सुचेना.

"माझ्याकडे काय बघतोस? गाडी बंद कर आधी!" आत्या दुधात बसल्या बसल्या ओरडली.

त्यानं गाडी बंद केली. आत्याला उठवलं. तिचं कोपर खरचटलं होतं, त्यातून निघालेलं रक्त ओल्या बाहीवर गुलाबी पसरत होतं. त्याला तोंड वर करवेना.

"आत्या, हा क्लच..."

"क्लच काय तुझ्या खांद्याला जोडलाय? हात बघ तुझा. लोंबतोय. कधीपासून झोपलाय हा?"

"गियर नीट पडत नाही म्हणून..."

"गियरचं मला काय सांगतोस? मी हात विचारला."

तिनंच शेजारच्याला पाठवून मेस्त्रीला बोलावलं. मेस्त्री आला, गाडी उभी केली, लिव्हर तपासला. उरलेला भरलेला कॅन एका कडीत होताच. रिकाम्या कॅनमध्ये त्यानं आत्याच्या विहिरीचं पाणी काठोकाठ भरलं, दुसऱ्या कडीत अडकवलं, किक मारली आणि निघाला. टेकाच्या खाली गेला, वर आला. पुन्हा खाली, पुन्हा वर. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, परत तिसरा, दुसरा. एकही गियर कडकडला नाही. थोरला आत्याच्या ओट्यावर बसून ऐकत होता.

"कॅन लावून चालवून दाखव म्हणाला होतात ना," मेस्त्री गाडी लावत म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच थोरल्याला जास्त लागलं. "क्लच पूर्ण दाबला तर गियर पडणारच. तुम्ही अर्धाच दाबता, दादा. अर्धा दाबला की प्लेटा सुटत नाहीत, मग गियर भांडतात. डोळे मिटा बघू."

थोरल्यानं डोळे मिटले.

"डाव्या हातात काय ठेवलंय?"

"काही नाही."

"डोळे उघडा."

तळहातावर एक नट होता. चांगला मोठा. मेस्त्रीनं त्याच्या अंगठ्याखालची जागा दाबली. तिथे मांस असायला हवं होतं, तिथे खड्डा पडला होता. दुसऱ्या हाताशी ताडून बघितलं तेव्हा थोरल्यालाही तो दिसला. स्वतःचाच हात, रोज धुतो, पुसतो, आणि कधी बघितलाच नव्हता.

"तुम्हाला डॉक्टरकडे जायला पाहिजे. माझ्या पान्याचं हे काम नाही." मेस्त्री जरा घुटमळला. "आणि त्या स्प्रिंगा. त्या माझ्याकडूनच नेल्या त्यानं. तुमच्या अस्सल चारही माझ्या डब्यात आहेत, तेल लावून ठेवल्यात."

"मग सांगायचं नाही का मला?"

"त्यानं शपथ घातली होती. कित्येक दुपारी त्या भंगार गाडीपाशी बसून स्प्रिंगा दाबून बघायचा. डाव्या हाताच्या दोनच बोटांनी. म्हणायचा, दादाच्या बोटांना झेपेल अशी पाहिजे. मी म्हटलं, अरे, चढावर घसरेल. म्हणाला, तोवर दादाला हळूच सांगतो. पण रोज सांगायला जायचा आणि रोज परत यायचा. म्हणे, हा विषय काढला तर दादा पुन्हा माझ्या डोळ्यांत बघणार नाही."

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डेअरीवर धाकट्यानं स्प्रिंग उचलून लगेच थोरल्याच्या हाताकडे का बघितलं होतं, ते आता कळलं. एक वाक्य बोलला असता तर तो सुटला असता. पण ते वाक्य असं होतं की त्यामुळे थोरला सगळ्या रांगेसमोर उघडा पडला असता. म्हणून तो चोर म्हणवून घेऊन गप्प निघून गेला. आणि आपण पेटी उघडायला लावली.

गाडी हातानं ढकलत तो घरी आला. थोरली चुलीपाशी होती.

"तुला माहीत होतं? हाताचं?"

"कुणाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून आवाज खाली आणला. "तुमच्या शर्टाची बटणं मी लावूनच ठेवते, तुम्ही नुसतं डोक्यातून घालता. तुम्हाला वाटतं, मी आळशी म्हणून काढत नाही. चहाचा पेला अर्धाच भरते. आणि झाकणं ती सैल ठेवायची, ती काय विसरून? तुम्ही रोज तिला बोलत होतात. मी म्हटलं, सांगून टाकू या. तर म्हणाली, जाऊबाई, असू दे, भाऊजींना एका हातानं उघडतं ना, मग बोलू देत."

थोरला उंबऱ्यावर बसला. अख्खं घर आपल्या हाताखाली हात धरून चाललं होतं आणि आपण त्याच हातानं घराला मारत होतो. लाज अशी असते, की अंगावरचे कपडेसुद्धा परके वाटतात. दिवेलागणीला तो उठला आणि धाकट्याच्या खोलीच्या दाराशी गेला. आत दोघं कपडे घड्या करून पेटीत भरत होते. तो खाकरला. दोघांनी मान वर केली. सगळं तोंडाशी आलं होतं.

"ऊन फार आहे," तो म्हणाला. "सकाळी लवकर निघा."

"बरं," धाकटा म्हणाला.

थोरला परत आला आणि आपल्याच जिभेला शिव्या देत भिंतीकडे तोंड करून पडला.

सकाळी धाकट्यानं नेहमीप्रमाणे धारा काढल्या. धाकटीनं कॅन भरले, झाकणं तळहातानं दाबून बसवली. मग धाकट्यानं पेटी खांद्यावर घेतली, दोघं थोरलीच्या पाया पडले, थोरल्याच्या पाया पडायला वळले तर तो गाडीचे कॅन अडकवत पाठमोरा उभा होता. मुद्दामच. त्यांना पाया पडू देण्याची त्याची छाती झाली नाही.

एसटीचा थांबा डेअरीच्या समोरच होता. थोरला गाडीवर बसला नाही. फेरीवरही गेला नाही. भरल्या कॅनची गाडी ढकलत, वाटेत थांबत, घामेघूम होऊन तो डेअरीवर पोचला. रांग तीच होती. समोर थांब्याच्या बाकावर धाकटा आणि धाकटी बसली होती, मध्ये पेटी.

"काय दादा, पुन्हा ढकलत? क्लच अजून झाला नाही का?" कुणीतरी विचारलं.

त्याचा नंबर आला. त्यानं कॅन पत्र्यावर ठेवला आणि झाकणाचे दोन्ही कान धरले. उजवा कान धरला गेला. डावा हातातून सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. माप घेणारा मदतीला पुढे झाला.

"थांब," थोरला म्हणाला. मग रस्त्यापलीकडे तोंड करून त्यानं हाक मारली, गाईला लांबून हाक मारतात तेवढ्या मोठ्यानं. "धाकट्या! इकडे ये. झाकण उघड. माझ्या हातानं उघडत नाही!"

धाकटा उठून उभा राहिला, पण जागचा हलला नाही.

"हात गेलाय माझा," थोरला ओरडतच राहिला, कारण आवाज खाली आणला असता तर तो फुटला असता. "क्लचला काही झालं नव्हतं. मला दाबता येत नव्हता म्हणून यानं हलक्या स्प्रिंगा घातल्या. आणि मी याला इथं, तुमच्यासमोर, चोर म्हणालो. चोर नाही हा. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

धाकटा रस्ता ओलांडून आला. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही, दोन्ही कान धरले आणि झाकण ओढून काढलं.

"एवढ्या मोठ्यानं कशाला सांगायचं, दादा," तो पुटपुटला.

"बोललो होतो तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं."

एसटी आली, धूळ उडवून थांबली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि ती गेली. धूळ बसली तेव्हा धाकटी बाकावर तशीच होती. माप झाल्यावर दोघं भाऊ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. थोरल्याला तिच्याशी थेट बोलायची सवय नव्हती, सवय होती ती ओरडायची.

"घरी चल, बाई," तो म्हणाला. "माझं चुकलं. पेटीचं तर फारच चुकलं."

धाकटीनं पदर सारखा केला. "पेटी मी अंगणात आणली होती, भाऊजी. मीच भरली, यांनी इथवर आणली. आता आमच्यापैकी कुणी उचलणार नाही."

थोरला खाली बसला. पेटी डोक्यावर घेताना डावी बाजू घसरली, पत्र्याची कड त्याच्या कानाला लागली. धाकटा हात घालायला वाकला तर धाकटीनं त्याला मानेनंच अडवलं. थोरल्यानं पुन्हा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा गुडघ्याचा आधार देऊन पेटी डोक्यावर घेतली आणि उठला.

"उजव्या हातानं धरा," धाकटी म्हणाली.

धाकट्यानं गाडी चालू केली आणि रिकाम्या कॅनांसह हळूहळू पुढे निघाला. त्याच्या मागे धाकटी चालत होती आणि तिच्या मागे पेटी घेऊन थोरला. ज्या रस्त्यानं तो दारोदार थांबत यायचा तोच रस्ता, त्याच बायका दारांत.

"अगंबाई, दादा, पेटी कुणाची?"

"धाकटीची."

"आणि गाडी?"

"आता धाकटा चालवेल. माझा हात गेलाय. मी त्याला उगाच चोर म्हणालो."

पुढच्या दारात पुन्हा तेच विचारलं गेलं, पुन्हा त्यानं तेच सांगितलं, एकही शब्द न गाळता. कुणी हसलं, कुणी च्‌च्‌ केलं. मान वर करायची सोय नव्हती, डोक्यावर ओझं होतं. मागून घाम पाठीवर उतरत होता आणि पुढे गाडीचे गियर एकामागून एक, आवाजही न करता पडत होते.

घरी धाकटीनं खोलीचं दार उघडलं आणि पेटी कुठे ठेवायची ते बोटानं दाखवलं. त्यानं तिथे ठेवली.

संध्याकाळी धारा झाल्यावर धाकटा गाडीवर बसला. थोरला मागे बसायला आला आणि अडला. इतक्या वर्षांत तो या गाडीवर मागे कधी बसलाच नव्हता, पाय कुठे ठेवायचे तेच त्याला कळेना. धाकट्यानं वाकून मागच्या पायऱ्या खाली पाडल्या. धाकटी कॅन घेऊन आली. झाकण तिनं सवयीनं तळहात मारून बसवलं, थोरल्याकडे एकदा पाहिलं, मग दोन्ही कान धरून ते ओढून काढलं आणि नुसतं वर ठेवलं.